दुसरा प्रतापगड

प्रतापगड म्हटले, की जावळीचे निबिड खोरे, 1656 मध्ये बांधून पूर्ण झालेला तो दुर्ग आणि 1659 सालचा अफजलखानाचा प्रसंग मनश्चक्षूंपुढे उभा राहतो. आणि ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्राच्या थेट पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आणखी एक प्रतापगड रानाच्या कुशीत उभा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

महाशिवरात्रीची यात्रा आटोपून आठ-दहा दिवस झाले होते. गर्दी ओसरल्यावर जावे, असा बेत करून आम्ही तिघे मित्र सकाळच्या गाडीने गोंदियाहून निघालो. एक मित्र निवृत्त पोस्टमास्तर, दुसरे भातगिरणीचे मालक आणि तिसरा मी. सौंदड मागे पडले, तशा कापणी झालेल्या धानाच्या बांध्या विरळ होऊ लागल्या आणि पळसाच्या फुलांनी पेटलेले रान जवळ आले. अर्जुनीला उतरून पुढचा प्रवास आम्ही जीपगाडीने केला.

पोस्टमास्तरांचे चिरंजीव विलायतेत असतात. त्यांच्याकडे गेले असता पोस्टमास्तरांनी विंडसरचा किल्ला पाहिला होता. अकराव्या शतकात नॉर्मन राजा विल्यम याने थेम्स नदीकाठी उभारलेला तो किल्ला आजही राजघराण्याचे निवासस्थान आहे. गड चढताना त्याचे वर्णन अखंड चालू होते. "तिथे तिकीट काढावे लागते. कोणत्या राजाने कोणता बुरूज बांधला, ते सारे लिहून ठेवले आहे. आणि खाली उतरले, की पब! गावातली माणसे तिथे तासन्‌तास गप्पा मारीत बसतात." "तुम्ही काय घेतलेत?" गिरणीमालकांनी धापा टाकीत विचारले. "लिंबाचे सरबत," पोस्टमास्तर गंभीरपणे म्हणाले. त्या उत्तराने गिरणीमालकांना इतके हसू आले, की त्यांना एका शिळेवर बसावेच लागले. तसे ते प्रत्येक वळणावर बसतच होते.

आमच्या गडावर तिकीट नाही आणि पाटीवर लिहिलेली वंशावळही नाही. तटाचे जे पडके भाग उरले आहेत, त्यांच्या सांध्यांत झाडांनी मुळे रोवली आहेत. परंतु गड ओस पडलेला नाही. येथे महादेवाचे स्थान आहे आणि याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. दोन्हीकडचे भाविक एकाच वाटेची धूळ तुडवीत येतात. ज्या गडावर राजा उरत नाही, तेथे पायवाट तरी उरावी लागते. ती येथे भाविकांनी राखली आहे. वरून पाहिले, तर ऐन, साग, तेंदू आणि मोह यांचे रान दूरवर पसरलेले दिसते, आणि मधूनच एखाद्या बोडीचे पाणी चकाकते.

उतरल्यावर पोस्टमास्तरांना पब आठवला. गिरणीमालकांनी त्यांचा हात धरून त्यांना पायथ्याच्या चहाच्या टपरीत नेले. टपरी एका वृद्ध बाईंची होती. "बसा ना जी," म्हणून त्यांनी बाकडे पुसले आणि तर्री घातलेले चना-पोहे पुढे ठेवले. यात्रेत महादेवाला जाणारा आणि दर्ग्याला जाणारा, दोघांनाही एकाच किटलीतला चहा मिळतो, असे त्या सहज सांगत होत्या. गड कोणत्या राजाचा, असे पोस्टमास्तरांनी विचारताच त्या हसल्या. "राजा कोन होता, थे मले नाई माहीत जी. चढताना मानूस कोठी थकते, थे मात्र माहीत हाय."

त्यांचा नातू कोपऱ्यात दप्तर उघडून बसला होता. तो एकदम म्हणाला, "आमच्या पुस्तकात प्रतापगड आहे, पण तो हा नाही." क्षणभर थांबून त्याने विचारले, "मग हा कोणाचा?"

त्या प्रश्नात तक्रार नव्हती. आपल्या घरामागे उभा असलेला डोंगर पुस्तकात का नाही, एवढेच त्या मुलाला कळत नव्हते. मी त्याला जवळ बसवले आणि हा मुलुख पूर्वी गोंड राजांच्या सत्तेखाली होता, येथून सांगण्यास आरंभ केला. नागपूर शहर वसवणारा देवगडचा राजा बख्त बुलंद; पुढे अठराव्या शतकात आलेले रघुजी भोसले; आणि या भागात तलाव बांधणारे कोहळी लोक. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटलांनी बांधला, असे परंपरा सांगते. कोलू पाटलांचे नाव निघताच आजीबाईंनी चूल सोडली आणि त्याही येऊन बसल्या. तलावाची गोष्ट त्यांना माझ्याहून अधिक येत होती. मग मी ऐकत राहिलो.

जीपवाल्याने दोनदा कर्णा वाजवला. पोस्टमास्तरांनी हात हलवून त्याला थांबण्याची खूण केली आणि आणखी चार चहा सांगितले. तिसरे रघुजी 1853 मध्ये निवर्तले आणि इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तेथवर आम्हांला अजून पोहोचायचे होते.