परतीचे गाव

निवृत्तीनंतर कोठे राहावे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा पडत नाही. मुले असतील तेथे, नाहीतर वडिलोपार्जित घरी, असे दोनच मार्ग बहुतेकांपुढे असतात. ज्यांचे आयुष्य दोन देशांत वाटले गेले आहे, त्यांना मात्र हा प्रश्न उतारवयात नव्याने सोडवावा लागतो. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची मुले आज परदेशी स्थिरावली आहेत. म्हणून माझी थोरली बहीण आणि दाजी यांच्यासाठी इंग्लंडच्या ग्रामीण भागात घर शोधताना जे पाहिले आणि जे ध्यानात आले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

दाजी वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १९७६ साली इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅम येथे सरकारी आरोग्यसेवेत त्यांची सारी हयात गेली. निवृत्त झाल्यावर २०१४ साली दोघे सांगलीस परतले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा त्यांच्या तळमजल्यात छातीइतके पाणी होते. २०२१ साली पुन्हा तीच धास्ती. त्यातच दाजींना काचबिंदूने गाठले. एकुलती एक मुलगी बर्मिंगहॅमला. दाजी ७६ वर्षांचे, ताई ७२ वर्षांची. शेवटी परत जायचे ठरले. दोघांनाही ब्रिटिश नागरिकत्व असल्याने व्हिसाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो गावाचा.

आता शहरात राहायचे नाही, हा दाजींचा निश्चय. नोकरीच्या काळात रविवारी गाडी काढून ते पश्चिमेला वेल्सच्या सरहद्दीपर्यंत जात. तेथील टेकड्या, मेंढ्यांची कुरणे आणि दगडी घरे त्यांच्या मनात घर करून राहिली होती. ताईने विरोध केला नाही. फक्त “मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही,” एवढेच सांगितले. व्यवहाराची बाजू पाहण्यासाठी मी सोबत जावे, असे दोघांनी सुचवले.

दाजींना मे महिन्यात जायचे होते. मी जानेवारीचा आग्रह धरला. शाखेत असताना शेतीकर्जाच्या पाहणीला मी शक्यतो वैशाखात जात असे. श्रावणात प्रत्येक विहीर भरलेलीच दिसते. विहिरीची खरी परीक्षा वैशाखात होते. इंग्लंडच्या खेड्याचा वैशाख म्हणजे जानेवारी. जूनमध्ये तेथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, कुंपणांवर फुले असतात आणि प्रत्येक गाव राहण्याजोगे वाटते. डिसेंबरअखेर मात्र सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. ताईचा चौविहार आहे. हिवाळ्यात तिचे सायंकाळचे जेवण पावणेचारलाच आटोपावे लागणार, हे तिला पूर्वीच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यानंतरची लांबलचक संध्याकाळ कोठे आणि कोणाच्या सोबतीने घालवायची, हा प्रश्न नकाशावर दिसत नाही.

पैशांचा हिशेब आम्ही निघण्यापूर्वीच मांडला होता. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन दरवर्षी वाढते. परंतु निवृत्त व्यक्ती भारतात राहावयास आली की ते देश सोडतानाच्या दराला गोठते. पूर्ण मूळ निवृत्तिवेतन २०१४-१५ साली आठवड्याला ११३ पौंड १० पेन्स होते, २०२४-२५ साली ते १६९ पौंड ५० पेन्स झाले. कायमचे परत गेल्यावर त्या दिवसापासून चालू दर लागू होतो. दुसरी बाब घरखरेदीवरील कराची. खरेदीपूर्वीच्या वर्षात १८३ दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य नसेल, तर इंग्लंडमध्ये एप्रिल २०२१ पासून २ टक्के अधिभार द्यावा लागतो. तीन लाख पौंडांच्या घरावर हे सहा हजार पौंड होतात. वेल्समधील कर वेगळा असून तेथे हा अधिभार नाही. घर घेतल्यावर तेवढे दिवस राहून परतावा मागता येतो. परंतु आधी भाड्याने राहून मग खरेदी केली, तर तो भरावाच लागत नाही. त्यामुळे “पहिले वर्ष भाड्याने” हा मुद्दा मी कागदावर सर्वांत वर लिहिला.

बर्मिंगहॅमला मुलीच्या घरी मुक्काम ठेवून आम्ही प्रथम गेलो ते श्रॉपशायरमधील क्लन नदीच्या खोऱ्यात. दाजींच्या स्वप्नातले घर तेथेच होते. उतारावरची चार-पाच घरांची वाडी, जाड दगडी भिंती, मागे ओढा आणि समोर टेकडीपर्यंत चढत गेलेले कुरण. त्या दिवशी गवतावर दहिवर गोठले होते आणि धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर सोडल्यास कोठेही हालचाल नव्हती. असे सौंदर्य मी तरी पूर्वी पाहिले नव्हते. दाजी बराच वेळ कुंपणाशी उभे होते.

मी माझ्या सवयीप्रमाणे घराच्या मागील बाजूस गेलो. नळाने येणारा गॅस तेथे नव्हता. घर गरम ठेवण्यासाठी अंगणातल्या टाकीत रॉकेल भरून घ्यावे लागे. सांडपाण्याला गटार नव्हते, सेप्टिक टँक होता. आणि अशा टाकीतील पाणी थेट ओढ्यात सोडण्यास इंग्लंडमध्ये २०२० पासून मनाई आहे. ते कोठे जाते, याची लेखी माहिती घेणे आवश्यक होते. मोठे रुग्णालय श्रूजबरीला, वळणावळणाच्या रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. या साऱ्यावर उपाय होते, फक्त खर्च होता.

ज्यावर उपाय नव्हता तो प्रश्न ताईने विचारला. अडतीस वर्षे इंग्लंडमध्ये राहूनही ती गाडी चालवायला शिकली नाही. बर्मिंगहॅममध्ये दाराशी बस असल्याने तशी गरजच पडली नव्हती. ती म्हणाली, “अहो, तुमच्या डोळ्यांनी उद्या गाडी बंद करायला लावली, तर दुधाला कोण जाणार? आणि तुमच्यामागे मी येथे काय करू?”

त्या देशात सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी वाहनपरवान्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि २० मीटरवरून गाडीचा क्रमांक वाचता आला पाहिजे, असा नियम आहे. डॉक्टर असलेल्या दाजींना काचबिंदूचा पुढचा प्रवास कोणी सांगण्याची गरज नव्हती. निवृत्तिवेतनाच्या वयाच्या लोकांना इंग्लंडमध्ये बसचा मोफत पास मिळतो, सकाळी साडेनऊनंतर तो चालतो. परंतु त्या वाडीपुढच्या रस्त्यावरून बसच जात नव्हती. १९६३ सालच्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक रेल्वे स्थानके बंद करण्याची शिफारस केली, तेव्हापासून तेथील ग्रामीण जीवन मोटारीवर टेकले आहे. ज्याला मोटार नाही, त्याच्यासाठी ते निसर्गरम्य खेडे एक बेट होते. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

पुढचा शोध सेव्हर्न नदीच्या काठी. अप्टन हे टुमदार गाव, दुकाने जवळ, जमीन सपाट. दाजींना ते आवडले. त्याआधी आम्ही वूस्टरला थांबलो होतो. तेथे कॅथेड्रलजवळ नदीकडे उघडणाऱ्या जुन्या दरवाजाच्या भिंतीवर महापुरांच्या खुणा कोरल्या आहेत. १७७० आणि १९४७ सालच्या खुणा माणसाच्या डोक्याच्या वर आहेत. ताईने त्या खुणांवर हात ठेवला आणि म्हणाली, “कृष्णेपासून पळून सेव्हर्नच्या काठी कशाला यायचे?” जुलै २००७ मध्ये याच नदीच्या पुरात ट्यूक्सबरीचा प्राचीन मठ चोहोबाजूंनी पाण्याने वेढला होता, ते छायाचित्र तेव्हा जगभर गेले. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये कोणत्याही घराचा पत्ता देऊन त्याला पुराचा धोका किती, हे सरकारी नकाशावर विनामूल्य पाहता येते. वर्षाला ३.३ टक्क्यांहून अधिक शक्यता असेल, तर तो धोका ‘उच्च’ मानतात. आपल्याकडे गृहकर्ज देताना असा कागद टेबलावर असता, तर कितीतरी कुटुंबांचे अश्रू वाचले असते.

नदीपासून दूर, उंचावरचे गाव म्हणून ग्रेट मॉल्व्हर्न पाहिले. सपाट प्रदेशातून एकाएकी उठलेली टेकड्यांची रांग, तिचे सर्वांत उंच शिखर ४२५ मीटर आणि उतारावर वसलेले गाव. १८४२ साली डॉ. विल्सन आणि डॉ. गली यांनी तेथे जलचिकित्सा सुरू केली आणि देशभरातून रुग्ण येऊ लागले. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या ॲनीला उपचारांसाठी तेथेच आणले होते. १८५१ साली ती तेथेच गेली. चर्चच्या आवारातील तिच्या समाधीपाशी दाजी डोके उघडे करून उभे राहिले. गावात रेल्वे स्थानक आहे, दवाखाने आहेत, नाट्यगृह आहे. उणीव एकच, चढाची. स्थानकावरून बाजारपेठेत जाताना ताईला तीनदा थांबावे लागले. गुडघ्यांनी आपले मत नोंदवले.

टेकड्यांच्या पलीकडे, हेरेफर्डशायरमध्ये लेडबरी आहे. पर्यटक या गावाकडे क्लनइतक्या कौतुकाने पाहणार नाहीत. परंतु मुख्य रस्ता रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे. मध्यभागी लाकडी खांबांवर उभी असलेली सतराव्या शतकातील बाजाराची इमारत असून, तिच्याखाली आजही बाजार भरतो. कवी जॉन मेसफील्ड १८७८ साली याच गावात जन्मले. औषधांचे दुकान, ग्रंथालय आणि किराणा सारे चालत जाण्याच्या अंतरावर. स्थानकाजवळ ३१ कमानींचा विटांचा रेल्वेपूल आहे. तेथून बर्मिंगहॅमला थेट गाडी असून सुमारे सव्वा तासात लेकीचे घर गाठता येते. मागच्या गल्लीतून दहा मिनिटे चालले की सफरचंदांच्या बागा सुरू होतात. जानेवारीत झाडे निष्पर्ण होती, पण त्यांच्या फांद्यांआडून मॉल्व्हर्नच्या टेकड्या दिसत होत्या.

ताई तेथे एकटीच बाजारात गेली. अर्ध्या तासाने ती भाजी, दूध आणि पाव घेऊन परतली. त्यासोबत ग्रंथालयात कोणत्या वारी कसले कार्यक्रम होतात आणि दवाखान्यात नवीन रुग्णांची नोंद कशी होते, ही माहितीही तिने आणली होती. शाकाहाराची आता तेथे कोठेच अडचण नाही. १८४७ साली शाकाहारी संस्था स्थापन झालेला तो देश आहे. लेस्टरचे जैन मंदिर मोटारीने दीड-दोन तासांवर. एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभारलेल्या या मंदिराची १९८८ साली प्रतिष्ठा झाली, तेव्हा ताई-दाजी तेथे उपस्थित होते. पर्युषणात लेकीसोबत जाता येईल, एवढे अंतर ताईला मान्य होते.

दाजींनी त्या संध्याकाळी बराच विचार केला. मग म्हणाले, “डोंगर मला लांबून दिसला तरी चालेल. तुला दुकान जवळ हवे.” अडतीस वर्षांचे स्वप्न त्यांनी एवढ्या थोड्या शब्दांत बाजूला ठेवले, हे माझ्या कायमचे लक्षात राहील. दुसऱ्या दिवशी लेडबरीतच दोन खोल्यांचे, पायऱ्या नसलेले छोटे घर एका वर्षाच्या भाड्याने घेतले. चारही ऋतू तेथे काढून, मन रमले तरच खरेदी करायची, असे ठरले.

बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही अर्जदाराच्या सर्वांत चांगल्या वर्षाचा ताळेबंद बाजूला ठेवून सर्वांत वाईट वर्षाचा पाहत असू. त्या वर्षात जो तगला, तो पुढेही तगेल, असे मानले जाई. उतारवयातील घर निवडतानाही हाच नियम उपयोगी पडतो. खिडकीतून काय दिसते, हे जरूर पाहावे. पण त्याआधी दोघांपैकी एक आजारी असताना दुसऱ्याला औषध आणता येईल का, हे पाहावे. गाडी थांबल्यावर काय, पाणी चढल्यावर काय, आणि एकटे राहिल्यावर काय, हे तीन प्रश्न मोकळेपणाने बोलावेत. आपल्या घरांतून तिसरा प्रश्न अशुभ मानून टाळला जातो, आणि त्याचे ओझे पुढे मागे राहिलेल्या व्यक्तीवर पडते.

हे फक्त इंग्लंडला जाणाऱ्यांसाठीच लागू आहे, असे नाही. निवृत्तीनंतर महाबळेश्वरला बंगला बांधणाऱ्याने किंवा गावाबाहेर मळ्यात राहावयास जाणाऱ्यानेही घरातील ज्याचे पाय अधिक थकलेले आहेत, त्याच्या पावलांनी अंतर मोजावे. त्या पावलांना जे गाव पेलते, ते दोघांनाही पेलते.