साचा, तोफ आणि चार अल्बम

इन्नंबूर हे नाव वाचून तुमच्यापैकी बहुतेकांनी नकाशा उघडला असणार. कुंभकोणमपासून चारेक किलोमीटर, स्वामीमलैच्या बाजूला. भाताची खाचरं, केळीच्या बागा, कालवे आणि एक जुनं शिवमंदिर. सध्या मी एन.सी.सी.वर आहे. ऑफिस शहरात, भाड्याचं घर इथे. घरमालक निवृत्त शिक्षक आहेत. मला 'सार' म्हणतात, मी त्यांना 'अय्या' म्हणतो. ते हळू बोलतात. इतकं हळू, की निम्मं मला कळत नाही, आणि दोष तमिळचा नसतो.

सैन्यात तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात : शेप. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे बाकीचं शरीर, ई म्हणजे डोळे. पाचही ठिकाणी एक आकडा असला की तुम्ही 'शेप-वन', म्हणजे कुठेही पाठवा, चालेल. माझ्या एच समोर आता दोन आहे. मी तोफखान्यातला. वीस-बावीस वर्षं १५५ मिलिमीटरच्या तोफांच्या आसपास काढली की कान आपला हिस्सा मागतोच. कानाच्या तपासणीचा आलेख मी पाहिला. रेघ बऱ्यापैकी सरळ चालते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते वरचे स्वर आणि स, श, फ सारखे वारा असलेले वर्ण. फोनवर कुणी 'साठ' म्हणालं की मला 'आठ' ऐकू येतं. ज्या माणसाचा सगळा धंदा आकड्यांचा, त्याच्यासाठी हे गमतीचं नाही.

तर एका संध्याकाळी मी ठरवलं, की आयुष्यभर जे ऐकलं ते एकदा ओळीने ऐकून बघायचं. काय उरलंय आणि काय गेलंय याचा पंचनामा. त्यासाठी निवडला मुंबईचा बँड पेंटाग्राम. याच नावाचा एक जुना अमेरिकन बँडही आहे, तो वेगळा. आपला पेंटाग्राम १९९४ सालचा. गायक विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरिया, बेसवर पापल माने, ड्रम्सवर शिराझ भट्टाचार्य. स्टुडिओत केलेले अल्बम चार : १९९६, २००२, २००७ आणि २०११. पंधरा वर्षांत चार. ऐकायला एक संध्याकाळ पुरते.

त्यांना 'इंडस्ट्रियल रॉक' म्हणायचं की 'इलेक्ट्रॉनिक रॉक', यावर जाणकार भांडतील. माझ्या मते भारतात त्या वस्तीच्या सर्वात जवळ राहणारे हेच. इंडस्ट्रियल हा शब्द आला इंग्लंडहून. १९७६ साली थ्रॉबिंग ग्रिसल या मंडळींनी स्वतःची कंपनी काढली आणि तिचं नावच ठेवलं इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स. कारखान्याच्या युगात जन्मलेल्या माणसांनी कारखान्याच्या आवाजाचं संगीत करायला काय हरकत आहे, असा एकूण रोख. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आणखी एक बँड निघाला. नाव जर्मन, अर्थ 'कोसळणाऱ्या नव्या इमारती'. हे लोक पत्रे, स्प्रिंगा, लोखंडी भंगार आणि ड्रिल मशीन घेऊन स्टेजवर यायचे. पुढे अमेरिकेत ट्रेंट रेझ्नर आला. क्लीव्हलँडच्या एका स्टुडिओत पडेल ते काम करायचा आणि स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करायचा. त्यातून १९८९ मध्ये 'नाइन इंच नेल्स'चा पहिला अल्बम आला. या गृहस्थाची एक सवय मला फार आवडते. प्रत्येक प्रकाशनाला तो अनुक्रमांक देतो. 'हेलो एक', 'हेलो दोन' असं. १९९४ चा 'द डाउनवर्ड स्पायरल' म्हणजे हेलो आठ, १९९९ चा 'द फ्रॅजाइल' म्हणजे हेलो चौदा. आमचा स्टोअरकीपर त्याला लगेच ठेवून घेईल.

पण मुंबईत हे संगीत आलं तेव्हा एक विचित्र गोष्ट घडलेली होती. कारखानाच बंद पडला होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर संपला असं कुणीच कधी जाहीर केलं नाही. माझे आजोबा त्या अडीच लाखांतले एक. लालबागला चाळीत राहायचे, साचेखात्यात कामाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गिरणीत साचा म्हणजे माग, आणि साचेखातं म्हणजे जिथे शेकडो माग एकाच छपराखाली एकदम चालतात ती जागा. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. ओठ वाचायचे आणि हातांनी खुणा करायच्या. संपाच्या वेळी मी तीन वर्षांचा, त्यामुळे मला आठवतात ते नंतरचे आजोबा. घरी बसलेले, मोठ्याने बोलणारे, आणि आपण बोललो की आपल्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघणारे. घरातले सगळेच ओरडून बोलायचे. एन.डी.ए.त गेल्यावर स्क्वॉड्रनमधल्या सीनियरना माझा आवाज फार पसंत पडला, त्याचं मूळ हे.

पेंटाग्रामचा पहिला अल्बम 'वी आर नॉट लिसनिंग' आला तेव्हा मी अकरावी-बारावीत होतो. नावाचा अर्थ 'आम्ही ऐकत नाही आहोत'. आमच्या घराला शोभणारं नाव. त्या वयात आम्ही धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक'ला जायचो. १९८६ पासून चालत आलेला, स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराचा सोहळा. उघडं नाट्यगृह, पावसाची धास्ती आणि काळ्या टी-शर्टांची गर्दी. पुढे शेजारच्या हॉस्पिटलांमुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि रंगभवनातली गाणी थांबली. तेव्हा आम्ही हळहळलो होतो. आता, माझा आलेख पाहिल्यावर, त्या नियमाबद्दल माझं मत थोडं मवाळ झालंय.

एकदा मी घरी टेपवर ती कॅसेट लावली होती. आजोबा आले, स्पीकरवर तळवा ठेवून उभे राहिले. ऐकू फारसं येत नव्हतं, पण हाताला ठोका लागत होता. थोड्या वेळाने म्हणाले, "साचा बरा चाललाय. धागा तुटत नाहीये." संगीतावर याहून नेमका अभिप्राय मी आजवर वाचलेला नाही. रॉकमध्ये ड्रमरचं काम तेच असतं. धागा तुटू द्यायचा नाही.

दुसरा अल्बम 'अप', २००२ चा. तोवर मी कमिशन होऊन युनिटमध्ये आलो होतो आणि ऑपरेशन पराक्रममुळे आम्ही राजस्थानच्या वाळूत तोफा रोखून महिनोन् महिने बसलो होतो. एका कोर्समेटने सुट्टीवरून येताना सीडी आणली. पहिला अल्बम सरळ रॉक होता. यात मशीन शिरलं होतं. ड्रम्सबरोबर यंत्राचे ठोके, गिटारचा आवाज इतका कुस्करलेला की ती गिटार आहे हे सांगावं लागावं. वाळवंटात जनरेटरच्या घरघरीत ऐकताना जनरेटर कुठे संपतो आणि गाणं कुठे सुरू होतं ते कळत नसे. 'द प्राइस ऑफ बुलेट्स' नावाचं त्यांचं एक गाणंही आहे. गोळ्यांची किंमत. शीर्षकापाशीच माझ्यासारखा माणूस थांबतो, कारण दारूगोळ्याचा हिशेब मी रोज सहीनिशी ठेवलेला आहे. प्रत्येक राउंड, प्रत्येक रिकामं काडतूस. कानाचा रकाना त्या रजिस्टरमध्ये नसतो.

तिसरा 'इट्स ओके, इट्स ऑल गुड', २००७. मधल्या काळात, २००५ मध्ये, हे लोक इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आले होते. चौथा 'ब्लडीवुड', २०११. नावातला टोमणा सिनेसृष्टीला, आणि गंमत अशी की टोमणा मारणारा गायक त्याच सृष्टीचा जावई. विशाल-शेखर या जोडीतला विशाल तो हाच. 'इट्स ओके' आला त्याच वर्षी त्यांचा 'ओम शांति ओम' आला. 'ब्लडीवुड' आला त्याच वर्षी 'रा-वन'. सिनेमाची गाणी लग्नाच्या बँडपर्यंत पोहोचली, आणि हे चार अल्बम काही हजार लोकांच्या कपाटात राहिले असतील. रँडॉल्फने गायिका मोनिका डोग्राबरोबर 'शायर अँड फंक' हे वेगळं दुकान थाटलं. दोष कुणाचा नाही. घर चालवायला एक काम असतं आणि घरातला माणूस चालवायला दुसरं.

याच वर्षांत मुंबईत आणखी एक चक्र पूर्ण होत होतं. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ च्या अखेरीस 'ब्लू फ्रॉग' नावाचा क्लब उघडला. जिवंत संगीतासाठी शहरातली सर्वात नावाजलेली जागा. गिरण्यांच्या आवारांत अशी ठिकाणं एकामागून एक निघाली. बर्लिनवाल्यांनी चालू कारखान्याचा आवाज स्टेजवर आणला. आमच्याकडे स्टेजच कारखान्यात गेलं, पण माग विकून झाल्यावर. एकदा सुट्टीत मी तिथे गेलो होतो. भिंती पाहिल्या, दाराशी उभा राहून आवाज अंगावर घेतला. आजोबा तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी आधी पगाराचं विचारलं असतं, मग स्पीकरवर हात ठेवला असता.

आता इन्नंबूरकडे येतो. इथून काही कोसांवर नरसिंगमपेट्टै नावाचं गाव आहे. नादस्वरम् तिथे बनतं, २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते ज्या लाकडाचं करतात त्याला इथे 'आच्चा' म्हणतात. आपल्याकडचा अंजन तोच. ताजं लाकूड चालत नाही. मुरलेलं लागतं, म्हणून पाडलेल्या जुन्या घरांचे वासे आणि खांब विकत घेतात. एका कारागिराच्या अंगणात मी असा ढीग पाहिला आणि बर्लिनच्या बँडचं नाव आठवून हसू आलं. तिकडे कोसळणाऱ्या नव्या इमारती, इकडे कोसळलेली जुनी घरं. माणूस जे मोडलं त्यातूनच आवाज काढतो. नादस्वरम् आणि तविल एकत्र सुरू झाले की कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरची गरज पडत नाही. आमच्या देवळात उत्सवाला वाजतात तेव्हा तविलचा प्रत्येक ठोका मला छातीत कळतो. सनईच्या या थोरल्या भावाचं टोक मात्र कापल्यासारखं वाटतं.

त्या देवळाचा देव म्हणजे एळुत्तरिनाथर, अक्षरं जाणणारा. कथा अशी सांगतात, की देवळाच्या हिशेबनिसावर चोळ राजाला संशय आला, तेव्हा शंकर स्वतः त्या हिशेबनिसाचं रूप घेऊन दरबारात गेला आणि पै-पैचा हिशेब दाखवून आला. शाळेत घालण्याआधी लोक मुलांना इथे आणतात. मला ही कथा आवडते, कारण यात देव राक्षस मारत नाही, ऑडिट करतो.

तसं ऑडिट मीही केलं. चारही अल्बम, हेडफोन लावून, आवाज डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. बेस शाबूत. मोठा ड्रम शाबूत. गायकाचा आवाज आहे, पण शब्दांच्या कडा झिजलेल्या. झांजा जवळपास गेल्या. 'अप'मध्ये जिथे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज होता तिथे नुसती जागा आहे. माझी स्मृती ती भरून काढते, हे मला कळतं. म्हणजे मी निम्मं आत्ताचं ऐकतो आणि निम्मं २००२ चं.

गेल्या महिन्यात कानाचं यंत्र घेतलं. पहिल्या दिवशी घरात कुणीतरी चमचे आपटतंय असं वाटलं. ते माझेच भाताच्या ताटातले बोटांचे आवाज होते. मग 'अप' लावला. झांजा आल्या, थोड्या पत्र्याच्या वाटीसारख्या, पण आल्या. आणि अय्यांचं बोलणंही स्पष्ट कळू लागलं. गृहस्थ दीड वर्ष मला रोज विचारत होते, की मुंबईला गिरण्या होत्या म्हणे, तुमच्याकडचं कुणी होतं का त्यात? मी आपला 'आमा, आमा' म्हणत मान डोलवत होतो. उत्तर योगायोगाने बरोबर होतं.

आमच्या कॅडेट्सचं फायरिंग पुढच्या आठवड्यात आहे. पॉइंट टू-टूची रायफल, तोफेपुढे पोरखेळ. तरी रेंजवर प्रत्येक पोराच्या कानात प्लग असल्याशिवाय मी गोळी देत नाही. पोरं हसतात, सारांचं काहीतरी खूळ म्हणतात. हसू देत. प्लगचा हिशेब मी वेगळ्या वहीत ठेवतो, अनुक्रमांकासकट.