डाव पुढे चालू

आमच्या वांद्र्यात वीज सहसा जात नाही. ही गोष्ट बाहेरगावच्या पाहुण्यांना आम्ही, जणू आपणच रात्रभर जनित्र फिरवतो, अशा थाटात सांगतो. त्यामुळे त्या रविवारी सकाळी संगणक बंद पडला तेव्हा मी वीज कंपनीवर संशय घेतला नाही. स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज येत होता. इडलीच्या चटणीसाठी सौभाग्यवतींनी जो प्लग उपटला, त्यावर माझा बुद्धिबळाचा सामना चालला होता.

माझा म्हणजे मी खेळत नव्हतो. स्टॉकफिश नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्याची जुनी आणि नवी आवृत्ती मी एकमेकींशी झुंजायला लावली होती. पाचशे डाव, आपोआप, रात्रभर. पंच मी, पंचाचं काम झोपणे. 212 डाव पुरे झाले होते: नवीचे 31, जुनीचे 9, बाकी 172 बरोबरीत. 213 वा डाव चटणीत गेला.

माणसांच्या सामन्यात याची सोय होती. डाव तहकूब झाला की पुढची चाल कागदावर लिहायची आणि पाकीट बंद करून पंचाच्या हवाली करायचं. 1972 साली रेक्याविकला फिशर-स्पास्कीचा एकविसावा डाव असाच तहकूब झाला. दुसऱ्या दिवशी स्पास्कीनं फोनवरून हार कळवली आणि फिशर घरबसल्या जगज्जेता झाला! पुढे संगणकच तहकूब डावांची उत्तरं रातोरात काढून देऊ लागले, तेव्हा 1990 च्या दशकात ही प्रथा मोडीत निघाली. आता खुद्द संगणकाचाच डाव अडला, तर पाकीट कोणी धरायचं?

मी पडलो बँकेतला कारकून. पुरे झालेले डाव फायलीत उतरलेले असतात. ती बाकी पुढे ओढली. पण अर्ध्या डावाचं काय? सोंगट्या तशाच मांडून पुढे खेळवता येईलही. पण हा प्रोग्राम पाहिलेल्या स्थितींची टिपणवही स्मरणात ठेवतो आणि वीज गेली की ती कोरी होते. म्हणजे पुन्हा खेळायला बसेल तो खेळाडूच वेगळा. अर्धवट व्हाउचर रद्द, नवं लिहा! शिवाय दर सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवतात. म्हणजे 106 सुरुवाती संपल्या होत्या. परत पहिलीपासून लावलं असतं तर तेच डाव दोनदा जमा. असल्या दुबार नोंदीपायी आम्ही रात्री दहापर्यंत खुर्च्या झिजवल्या आहेत. मी 107 व्या सुरुवातीवर बोट ठेवलं, शिल्लक 288 डाव लावले आणि प्लगला चिकटपट्टी मारली.

पेपर घ्यायला दार उघडलं, तर समोर काकांचं बंद दार. दोन वर्षांपूर्वी आमचा डाव ऐन रंगात असताना इमारतीचा फ्यूज उडाला होता. दिवे आले तेव्हा माझं एक प्यादं पटावर नव्हतं. मांजरानं पाडलं, म्हणाले. काकांकडे मांजर नाही. तेव्हापासून आम्ही जिन्यात भेटलो की नुसते खोकतो.

मी इडल्यांची बशी झाकून घेतली, पट काखेत मारला आणि बेल वाजवली.

"तो डाव रद्द, काका. पहिल्या चालीपासून."

काकांनी झाकण उचलून चटणी पाहिली.

"पांढरी माझी होती हं त्या वेळी," ते म्हणाले.