हवा

शिडाच्या होडीला वाऱ्याखेरीज काही लागत नाही, अशी आमच्या सौभाग्यवतींची समजूत होती. मांडव्याहून परतताना वारा पडला, तेव्हा मी ऐटीत इंजिन सुरू केले. दहा मिनिटांत दोन आचके देऊन ते बंद! ओहोटी आम्हांला मोठ्या जहाजांच्या वाटेकडे ओढू लागली. ही काहीच बोलेना. तेच अधिक भीतिदायक.

दोष माझाच. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर तशीच ठेवलेली. दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसले, त्यावर शेवाळी गाळ धरला. लाटांनी तो ढवळला आणि डिझेलची गाळणी तुंबली. नवी बसवली, तरी इंजिन ढिम्म. आता नळीत हवा शिरलेली! मळमळत्या पोटाने खाली वाकून स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत राहिलो. मध्येच वर साखळीचा खडखडाट झाला. पण लक्ष कोणाचे? आधी बुडबुडे, मग फेस, मग निर्भेळ धार. स्क्रू आवळला. इंजिन धडधडले.

वर येऊन पाहतो, तर होडी जागच्या जागी. हिने नांगर टाकला होता.

"तुम्हीच नाही का शिकवलंत, आधी नांगर, मग हत्यारं?"

तो वर ओढायला मात्र दोघेही लागलो.