बिनपाकाची वडी

'पाकशास्त्र' या शब्दातील पाक म्हणजे शिजवणे. मराठी गृहिणीने मात्र त्या ऐसपैस शब्दाचे राज्य एका पातेल्यापुरते आटवून टाकले आहे. तिच्या लेखी पाक म्हणजे साखरेचा किंवा गुळाचा. एकतारी, दोनतारी, नाहीतर गोळीबंद. अमेरिकेतील मुलींच्या महाविद्यालयांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'फज' नावाच्या वडीचे वेड पसरले. तिचा पाक ११५ अंशांच्या आसपास उतरवावा, असे तिकडील पुस्तके सांगतात. माझ्या आईला उष्णतामापक कधी लागला नाही. वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब सोडून तो चिमटीत धरला, की तिचा निकाल तयार असे, आणि आळीतल्या सुना तो निकाल ऐकण्यासाठी तिला बोलावून नेत.

आज ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दृष्टीच्या नेमक्या मध्यभागी डाग पडला असून कडेकडेचे तेवढे दिसते. उकळत्या गुळाजवळ तिला उभे राहू देणे आता शक्य नाही. त्यातच डॉक्टरांनी गोडाला लगाम घालावयास सांगितले. तिने तक्रार केली नाही. स्वयंपाकघरात येणे तेवढे सोडले. आम्हा सर्वांना त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटू लागली.

दाण्याची बिनपाकाची वडी आमच्या घरात आली ती या कारणाने. कृती अगदी साधी आहे. भाजलेले, सोललेले पाव किलो दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावे. आधी कूट होते, मग ते भांड्याच्या कडांना चिकटते, आणि सगळे बिघडले असे वाटू लागते त्याच सुमारास तेल सुटून मऊ लगदा होतो. दाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो. तेव्हा वरून तुपाची गरज नाही. विकतच्या बरणीत बहुधा साखर मिसळलेली असते, म्हणून हा खटाटोप घरीच बरा. मग ८० ग्रॅम किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. गुळातला किंचित ओलावा लागताच तो सैल लगदा आपोआप आवळून येतो; पाकाचे काम येथे हा ओलावाच करतो. शेवटी दोन मुठी राजगिऱ्याच्या लाह्या घालून गोळा ताटात थापावा आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवावा.

ही वडी 'हलकी' आहे असे आमची कन्या सर्वांना सांगते. गूळ कमी आणि लाह्या भरीला, एवढ्यापुरतेच ते खरे. दाणा काही हलका होत नाही, आणि गूळ म्हणजे साखर नव्हे ही आमची लाडकी समजूत रक्ताला मान्य नाही. म्हणून वड्या लहान पाडतो आणि आईला एकच देतो. उपवासालाही ती चालते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या परक्या दाण्याला आपल्या एकादशीने इतक्या सहजपणे पंक्तीला कसे बसवून घेतले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

पहिल्या दिवशी आई दारातूनच म्हणाली, "पाक नाही ती कसली वडी? गोड चटणी म्हणा." पण दाणे पाखडायला कोणीतरी हवेच होते. सूप तिच्या हाती दिले. खवट दाणा तिला वासावरून कळतो, काळा पडलेला बोटांना कळतो. आमच्या डोळस नजरेतून निसटलेले चार-पाच दाणे तिने बाजूला काढून ठेवले. मग मिश्रण आवळून आले की नाही हे पाहण्यासाठी तिने हात पुढे केला, मुठीत गोळा दाबला, उघडला, पुन्हा दाबला.

"अजून नाही," ती म्हणाली. थोडे मळल्यावर म्हणाली, "आता झाले."

चव घेताना मात्र वाद झाला. "अरे, दाण्याला गूळ घातलास की नुसता दाखवलास?" मी तराजूचा आकडा सांगितला. तिने तो ऐकून न ऐकल्यासारखा केला, आणि किसलेल्या गुळाची वाटी चाचपडत जवळ ओढली. ती वाटी परत घेण्याचे काम पत्नीने माझ्याकडे सोपवले आहे. दर वेळी मी ती घेतो, आणि दर वेळी चिमूटभर गूळ आधीच आत गेलेला असतो.

राजगिऱ्याच्या लाह्या संपत आल्या आहेत. एकादशीपूर्वी आणा, आणि त्या ताज्या आहेत की नाही ते बोटांनी दाबून पाहा, असे तिने कालच बजावले आहे.