विलायतेतले सरकारी जावई

'सरकारचे जावई' ही शिवी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, दोस्तहो. हायस्कुलात स्कॉलरशिपचा कागद आला की मास्तर भर वर्गात पुकारायचे, 'उठा जावईबापू, सही ठोका.' आणि अख्खा वर्ग दात काढायचा. पन्नास-साठ रुपयांच्या त्या सहीनं मान खाली जायची ती घरी येईस्तोवर वर यायची नाही.

हीच शिवी गोऱ्या तोंडातून, गोऱ्याच माणसाला पडताना मी ऐकली. इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात एका गोदामात रातपाळीला होतो. सोबत एक ड्रायव्हर, वय पन्नाशीचं. त्याच्या शेजारी चार पोरांची एकटी बाई राहायची. हा रोज तिचा उद्धार करायचा. पोरं काढायची आन् घर मिळवायचं, आमच्या टॅक्सवर चैन. आणि ह्याच्या स्वतःच्या घरभाड्याला युनिव्हर्सल क्रेडिटचा टेकू होता. पगारात भागत नव्हतं. ते विचारलं तर म्हणाला, 'ते वेगळं. मी काम करतो.'

त्याचं सोडा. आपलाच एक पठ्ठ्या, दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर, चौदा एप्रिलला सगळ्यात पुढं. तोही म्हणाला, ही गोरी गरीब जात आळशीच, फुकटचं खायची सवय. मी म्हटलं, हे वाक्य गावात तू कुणाच्या तोंडून ऐकलं होतंस ते आठव. दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही.

ह्या शिवीचं मूळ जुनं आहे. १८३४ साली तिथं गरिबांचा नवा कायदा आला. मदत हवी तर वर्कहाऊसात या. नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, पोरं तिसरीकडं. आणि तत्त्व काय, तर आतली हालत बाहेरच्या सगळ्यात हलक्या मजुराहून वाईटच पाहिजे, नाहीतर लोक सोकावतील. अँडोव्हरच्या वर्कहाऊसात खतासाठी हाडं कुटायला लावत. भुकेली माणसं त्याच कुजक्या हाडांतला मगज चोखत होती. १८४५ ला हे बाहेर फुटलं तेव्हा बोंबाबोंब झाली. पण तत्त्व गेलं नाही. लायक गरीब नि नालायक गरीब, ही वाटणी इंग्रजाच्या डोक्यात आजही शाबूत आहे. म्हाताऱ्याची पेन्शन म्हणजे हक्क. पोराच्या आईला पैसे म्हणजे खैरात.

फरकही सांगतो, उगा सगळं एका मापात घालायचं नाही. तिथला गोरा गरीब चांगली नोकरी लागली, मोहल्ला बदलला की डाग धुऊन टाकू शकतो. आपला डाग नोकरीनं धुतला जात नाही, हे कुणाला सांगायचं?

१९४२ ला बेव्हरिजचा अहवाल आला. दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, बकाली आणि बेकारी, हे पाच राक्षस मारायचे म्हणाला. एलिनॉर रॅथबोन ही बाई कित्येक वर्षं भांडत होती की पोरांचा भत्ता आईच्याच हातात पडला पाहिजे. ऑगस्ट १९४६ पासून तो मिळू लागला. पहिलं पोर सोडून पुढच्या दर पोराला आठवड्याला पाच शिलिंग. म्हणजे तेव्हा सरकार दुसऱ्या-तिसऱ्या पोरालाच पैसे देत होतं, हे ध्यानात ठेवा. (त्याच वर्षांत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना करायचं काम १९४३ ला अडारकरांकडं दिलं गेलं, त्यातूनच पुढं १९४८ चा ईएसआय कायदा आला.)

मग चाक उलटं फिरलं. १९७१ ला थॅचरबाईंनी शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरच्या पोरांचं शाळेतलं फुकट दूध बंद केलं. २०१२ ला अर्थमंत्री ऑसबोर्ननं पक्षाच्या अधिवेशनात चित्र रंगवलं. पहाटे अंधारात कामावर निघालेला माणूस, आणि शेजारच्या घराच्या खिडकीचे पडदे ओढलेले, आत बेनिफिटवाला झोपलाय. वाचून मला आमचा ड्रायव्हरच आठवला. मंत्र्यानं त्याचं मन बरोबर वाचलं होतं, का त्याचं मन मंत्र्यानंच लिहिलं होतं? २०१४ ला तर टीव्हीवाल्यांनी बर्मिंगहॅमची एक अख्खी गल्ली पडद्यावर टांगली, 'बेनिफिट्स स्ट्रीट' म्हणून. लोक घरी बसून चहा पीत बघत होते.

एप्रिल २०१७ पासून तर कायदाच लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या पोराला मदत बंद झाली. सवलतींतली एक कुठली होती? तिसरं पोर बलात्कारातून झालं असेल तर. त्यासाठी फॉर्म. डॉक्टर नाहीतर समाजसेविका, कुणीतरी त्यावर सही करायची. पोराच्या दुधासाठी आईनं सरकारी कागदावर बलात्कार नोंदवायचा. सुधारलेला देश म्हणतात हा!

आणि लोक? २०२३-२४ सालात तिथं पंचेचाळीस लाख पोरं गरिबीत होती, घरभाडं वजा करून मोजलं तर. शंभरातली एकतीस. त्यातल्या बहात्तर टक्के पोरांच्या घरात कुणी ना कुणी कमावतं होतं. तरी २०२३ च्या यूगव्हच्या पाहणीत दहांतले सहा जण म्हणाले, दोन पोरांची अट राहू द्या. गंमत अशी की उपाशी पोराबद्दल विचारा, हाच माणूस हळहळतो. बेनिफिट म्हणा, लगेच दात-ओठ खातो. पोराला आईपासून तोडून दया करता येते. पण आईला उपाशी ठेवून पोराला जेवू कसं घालणार, ह्याचं उत्तर त्या दयेजवळ नाही.

२०२० ला मार्कस रॅशफोर्ड नावाचा फुटबॉलवाला उठला. मँचेस्टरचा काळा पोरगा, लहानपणी फुकटच्या जेवणावर वाढलेला. सुट्टीतही पोरांना जेवण द्या म्हणाला. जूनमध्ये सरकार झुकलं. ऑक्टोबरात पार्लमेंटनं ३२२ विरुद्ध २६१ मतांनी नाही म्हटलं, तेव्हा गावोगावच्या हॉटेलवाल्यांनी, दुकानदारांनी स्वतः डबे वाटले. पुन्हा सरकार नमलं. चांगलंच झालं. पण मला वाटतं, तो मैदान गाजवणारा नि त्याची आई राबणारी, म्हणून तो 'लायक' ठरला. दोनच वर्षांनी, २०२२ ला, ली अँडरसन नावाचा खासदार सभागृहात सांगत होता की लोकांना धड स्वैपाकच येत नाही, नाहीतर तीस पेन्सात जेवण होतं.

आमच्या पाळीत एक गोरी बाई होती, पॅकिंगला. तिच्या शाळेत फुकट जेवणाचं टोकन वेगळ्या रंगाचं. ते टोकन मुठीत चुरगळून ती उपाशीच घरी यायची. आईनं विचारलं तर सांगायची, पोटभर जेवले. मी तिला मास्तरांची सही सांगितली. 'सन-इन-लॉ ऑफ गव्हर्मेंट' म्हटल्यावर ती आधी खो खो हसली, मग गप झाली.

त्या बाईला तीन लेकरं. जुलै २०२४ मध्ये दोन पोरांची अट काढा म्हणून मत देणाऱ्या सात खासदारांना त्यांच्याच मजूर पक्षानं निलंबित केलं, तेव्हा ती म्हणाली, आता हे मेलं. पण पोरांसाठी झगडणाऱ्यांनी पिच्छा सोडला नाही. तिकडं स्कॉटलंडात २०२१ पासून पोरांसाठी वेगळा भत्ता सुरू झालेला होता, तिथं काही आभाळ कोसळलं नव्हतं. २०२५ च्या नोव्हेंबरातल्या बजेटात त्याच मजूर पक्षाच्या सरकारनं अट एप्रिल २०२६ पासून काढायचं जाहीर केलं. तोवर सोळा लाखांहून जास्त पोरांच्या घरांना तिची झळ लागलेली होती.

बजेटानंतरच्या आठवड्यात, सुट्टीच्या वेळेला, तिनं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हिशेब मांडला. तिसऱ्या लेकराचे महिन्याला तीनशे पौंडांच्या आसपास. मग तिच्या बहिणीचा मांडला. बहिणीला पाच पोरं, तान्हं अंगावर, काम नाही. अशा घराला एकूण मदत किती मिळावी ह्यावर २०१३ पासून वेगळी मर्यादा आहे, आणि बजेटानं तिला हात लावलेला नव्हता. बहीण त्या मर्यादेला आधीच टेकलेली. तिनं दोनदा बेरीज केली. बहिणीच्या वाट्याला शून्यच येत होतं.