सारायेव्होतील एक दिवस

गेल्या मे महिन्यात एका शिक्षक-परिषदेच्या निमित्ताने मला युरोपात जाण्याचा योग आला. परिषद आटोपल्यावर दोन दिवस मोकळे मिळाले. बरोबरची मंडळी व्हेनिसकडे वळली. मी मात्र बोस्निया देशाची राजधानी सारायेव्हो गाठली. ह्या निवडीमागे एक जुने ऋण होते. ते ओघाने येईलच.

चोहोंकडून डोंगरांनी वेढलेले हे शहर मिल्याट्स्का नदीच्या दोन्ही तीरांवर लांबट पसरलेले आहे. नदी म्हणावी तर पाणी घोट्याएवढे आणि रंगाने तपकिरी. पंधराव्या शतकात तुर्कांनी येथे जी पेठ वसविली, तिला बाश्चार्शिया म्हणतात. चौकात मध्यभागी घुमटाची एक सुबक लाकडी पाणपोई आहे, आणि तिच्याभोवती शेकडो पारवे. जो येथील पाणी पितो तो पुन्हा ह्या नगरीत येतो, असा लौकिक आहे. मी दोन ओंजळी प्यालो.

चौकालगत तांबटांची आळी लागते. ठोक्यांचा तो नाद ऐकून मला क्षणभर पुण्याच्या कसब्यातच उभे असल्याचा भास झाला. एका वृद्ध तांबटाने मला आग्रहाने बसवून घेतले आणि कॉफी मागविली. ती लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात येते. कान नसलेल्या इवल्याशा पेल्यात ओतून, साखरेचा खडा तीत बुडवून चोखत चोखत प्यावयाची. घाई करणे हा तेथे अशिष्टपणा होय. म्हातारबुवांना इंग्रजी बेताचेच येत होते. परंतु ते दुकानास ‘दुचान’ व साबणास ‘सापून’ म्हणतात हे कळल्यावर आम्हां दोघांनाही नातलग भेटल्याचा आनंद झाला. फारसी-अरबी शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेले तसेच मुसलमानी अमलात आपल्याकडे आले, एवढाच त्याचा अर्थ; तरी परमुलुखात एवढे नातेही पुष्कळ वाटते. दुकानात तोफगोळ्यांची रिकामी पितळी आवरणे नक्षी कोरून फुलदाण्यांसारखी मांडलेली होती. ती कोठून आली, हे विचारण्याची गरज नव्हती.

जवळच गाझी हुस्रेव बेग ह्याची 1531 सालची मशीद आहे. तिच्यापासून पायी काही मिनिटांच्या अंतरात सर्बियन लोकांचे जुने ऑर्थोडॉक्स मंदिर, 1581 सालचे यहुद्यांचे सभास्थान आणि 1889 साली पूर्ण झालेले रोमन कॅथलिक कॅथीड्रल, ही सर्व येतात. मशिदीशेजारच्या मनोऱ्यावरील घड्याळात पावणेतीन वाजले होते, आणि माझ्या मनगटावर सकाळचे अकरा! घड्याळ बिघडले असावे असे मी म्हणताच तांबटबुवा हसले. ते सूर्यास्ताच्या क्षणी बारा वाजविते. दिवस लहानमोठा होईल तसे काटे सरकवावे लागतात, आणि त्यासाठी एक मनुष्य नेमलेला असतो.

पेठ संपते तेथे नदीकाठी वियेच्नित्सा नावाची भव्य इमारत आहे. ऑस्ट्रियाच्या अमलात, 1896 साली, ती नगरमंदिर म्हणून उघडली गेली. 1949 पासून तेथे राष्ट्रीय ग्रंथालय होते. 1992 च्या ऑगस्टात, 25 व 26 तारखांच्या दरम्यानच्या रात्री, शहरास वेढा घालून बसलेल्या सर्ब सैन्याने डोंगरावरून तिच्यावर आगीचे गोळे टाकले. सुमारे पंधरा लक्ष ग्रंथ जळाले म्हणतात. ग्रंथपाल व नागरिक साखळी करून हातोहात पुस्तके बाहेर काढीत होते. वाचली ती थोडी. जळक्या पानांची राख शहरावर पडत राहिली. 2014 साली इमारत पूर्ववत उभी करून उघडण्यात आली. रंगीत काचांखाली मी बराच वेळ बसलो. सर्व काही नवे, झळझळीत आहे. पुस्तके तेवढी नाहीत.

ह्याच इमारतीच्या पायऱ्या उतरून 28 जून 1914 रोजी, रविवारी, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्स फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी मोटारीत बसली. त्याच सकाळी त्यांच्यावर एक बाँब फेकला गेला होता. तो मागील गाडीखाली फुटला. जखमी अधिकाऱ्यास भेटण्यासाठी रुग्णालयात जाण्याचे ठरले. मार्ग बदलला, पण ते चालकास कोणी सांगितलेच नाही. मी त्याच नदीकाठच्या रस्त्याने सावकाश चालत लॅटिन पुलाशी आलो. येथे चालक जुन्या मार्गाने उजवीकडे वळला, चूक ध्यानात आणून देताच त्याने गाडी थांबविली, आणि नेमका तेथे एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. दोन गोळ्या, दोन प्राण.

कोपरा अगदी साधा आहे. त्यावरील स्मारके मात्र राज्यागणिक पालटली. 1917 साली ऑस्ट्रियाने मृतांचे स्मारक उभारले, ते पुढे काढण्यात आले. 1930 साली मारेकऱ्याच्या गौरवाची पाटी लागली, ती 1941 मध्ये जर्मनांनी नेऊन हिटलरला नजर केली. आजची पाटी नुसती घटना सांगते.

आता ते ऋण. काही वर्षांपूर्वी नववीत महायुद्धाची कारणे शिकवीत असता मागील बाकावरून एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, आमच्या गावच्या चावडीवर दगडी पाटी आहे. त्या लढाईला गावातून किती गेले आणि किती मेले, एवढेच लिहिलेय, नावे नाहीत. राजपुत्र तिकडे मेला, मग आमची माणसे का मेली?” पाठ संपवावयाचा होता. “हे परीक्षेस येत नाही, खाली बस,” असे मी म्हणालो. वर्ग हसला, तो बसला. पुन्हा त्याने वर्गात प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

पुलाच्या कठड्यावर बसून मी त्याला मनातल्या मनात उत्तर देऊ लागलो. गाडीच्या वळणाने युद्ध झाले नाही. सरपण आधीच रचलेले होते. महिन्याभरात ऑस्ट्रियाने सर्बियावर चाल केली, रशिया, जर्मनी व फ्रान्स उतरले, 4 ऑगस्टला इंग्लंड. आणि इंग्लंड म्हणजे न विचारता हिंदुस्थान. तुर्कस्तान शत्रुपक्षास मिळताच मराठा पलटणी इराकात धाडल्या गेल्या. कुत येथे महिनोन् महिने वेढ्यात उपासमार सोसून 29 एप्रिल 1916 रोजी जी फौज शरण गेली, तीत 103, 110 व 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. हे सांगावयास पाच मिनिटे पुरली असती.

संध्याकाळी पिवळ्या बुरुजावर चढलो. वाटेत फरसबंदीवर, जेथे गोळा पडून माणसे मेली, ते खळगे लाल राळेने भरलेले दिसतात. लोक त्यांना गुलाब म्हणतात. वेढा 1425 दिवस चालला. 2012 साली, त्यास वीस वर्षे झाली तेव्हा, मृतांसाठी मुख्य रस्त्यावर 11,541 लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या होत्या. त्यांपैकी मुलांच्या खुर्च्या लहान होत्या. बुरुजाखाली पांढऱ्या कबरींची दाटी आहे. मुले टरबुजाच्या बिया थुंकीत सूर्यास्ताची वाट पाहत बसली होती. सूर्य बुडाला, खाली मनोऱ्यावर बारा वाजले असतील.

पेठेत परतून मी लॅटिन पुलाचे एक पोस्टकार्ड घेतले. त्याच्या पाठीवर जागा ती किती! “तुझे उत्तर देणे राहिले आहे, सवडीने घरी ये,” एवढेच लिहिले आणि खाली सही केली. तो मुलगा आता परगावी कामाला असतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर कार्ड त्याच्या धाकट्या बहिणीच्या हाती दिले. ती यंदा नववीत आहे. महायुद्धाचा पाठ तिच्या वर्गास अजून व्हावयाचा आहे.